टिकलीचा दिवा ते पाव मिलिमीटरची रेघ

अकोल्यातल्या आमच्या जुन्या शहरात खेळण्यातली गाडी घरात आली, की तिच्यावरचं काम सुरू व्हायचं. मोर्णा नदीवरचा दगडी पूल ओलांडून गांधी चौकाकडच्या दुकानातून आणलेली असो, की श्रावणात राजराजेश्वराच्या मंदिराजवळ मांडलेल्या दुकानातून, त्या गाडीत काहीतरी कमी असायचंच. दिवे बॉडीच्याच रंगाचे. आरसे नाहीत. वायपर म्हणजे काचेच्या जागी उठवलेली एक रेघ. नंबरप्लेटच्या जागी कोरा चौकोन. डाबकी रोडवरून रोज जाणारी खरी गाडी आणि आपल्या हातातली गाडी यांत जे काही उणं दिसायचं, ते भरून काढणं हाच आमचा खेळ होता. पळवायची गाडी वेगळी आणि सजवायची वेगळी. सजवायच्या गाडीला धाकट्या भावंडानं हात लावला, तर घरात महाभारत व्हायचं.

सामान सगळं घरातलंच. आईच्या टिकल्यांच्या पाकिटातली सगळ्यांत बारीक लाल टिकली मागच्या दिव्याला. पुढच्या दिव्याला औषधाच्या गोळ्यांच्या पट्टीतला पारदर्शक फुगा कापून घ्यायचा आणि त्याच्या आत सिगारेटच्या पाकिटातल्या चांदीचा गोल तुकडा बसवायचा. उन्हात धरला की तो दिवा खरोखर लकाकायचा. तीच चांदी टाचणीच्या डोक्यावर चिकटवली की आरसा तयार. संपलेली रिफिल एक्झॉस्टला, सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी रेडिएटरच्या पाइपाला, टेलिफोनच्या तारेचं रंगीत कवच इंजिनातल्या वायरींना. काचांसाठी जुनी एक्स-रे फिल्म धुण्याच्या सोड्याच्या गरम पाण्यात टाकायची. काळं निघून गेलं की हलक्या निळ्या रंगाची सुंदर काच हाती यायची. चाकं मोडली तर झिजलेल्या हवाई चपलेच्या तळव्यातून नवी कापायची. कॅरिअर उदबत्तीच्या काड्यांचं, ताडपत्री जुन्या छत्रीच्या कापडाची, रंग ताईच्या नेलपॉलिशचा. चिकटवायला फेव्हिकॉल, आणि तो नसेल तर कणकेची खळ.

हे सामान गोळा करायला वेळ लागत नसे. वेळ लागायचा तो पाहण्याला. आरसा लावायचा म्हटलं, की प्रश्न यायचा तो कुठं लावायचा? दारावर, की पुढच्या मडगार्डावर? एकच, की दोन? आमच्या भागातल्या गॅरेजात एक वयस्क मिस्त्री होते. त्यांच्याकडं गाडी दाखवायला नेली, की ते हातातलं काम बाजूला ठेवून ती नीट न्याहाळत आणि म्हणत, "अरे पोट्ट्या, वायपर काचेच्या वरतून लटकते का खालतून निघते, ते पाहून ये न आधी. मंग लाव." मग आम्ही पळत रस्त्यावर. एखादी जीप उभी दिसली की तिच्याभोवती दोन फेऱ्या घालायच्या, पाहिलेलं डोक्यात साठवायचं आणि घरी येऊन वहीच्या मागच्या पानावर काढायचं. त्या मिस्त्रींनी आम्हाला एकही भाग बनवून दिला नाही. पाहायला मात्र त्यांनीच शिकवलं.

पाहायची सवय लागली की एकसारख्या वाटणाऱ्या गाड्या वेगवेगळ्या दिसू लागतात. दगडी पुलाच्या कठड्याशी उभं राहून येणारा-जाणारा ट्रक कोणता, हे ओळखण्यात आमच्यातली मोठी मुलं तरबेज होती. टाटांच्या टेल्कोनं १९५४ साली जर्मनीच्या डायमलर-बेंझबरोबर ट्रक बांधायला सुरुवात केली. तो करार १९६९ मध्ये संपला. त्याआधीच्या ट्रकच्या तोंडावर मर्सिडीजची तीन टोकांची चांदणी असायची, नंतरच्यांवर टाटांचं इंग्रजी अक्षर. म्हणजे खेळण्यातल्या ट्रकच्या जाळीवर काय चिकटवायचं, यावरून त्याचं वय ठरत होतं. ॲम्बेसेडरचंही तेच. दुरून सगळ्या सारख्याच दिसत, पण १९६२ च्या मार्क टूची चौकटीची जाळी आणि १९७५ च्या मार्क थ्रीचा चेहरा वेगळा. १९७९ मध्ये मार्क फोर आली, तेव्हा तो पुन्हा बदलला. काडीनं आणि चांदीनं ती जाळी घडवताना हा फरक बोटांना कळायचा, आणि बोटांना कळलेलं सहसा विसरत नाही.

ही हौस मोटारी येण्याच्या कितीतरी आधीची. आपल्याकडं पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा असतो. नागपूरच्या भोसल्यांनी ही प्रथा सुरू केली, असं सांगतात. चाकांच्या पाटावर उभा केलेला लाकडी बैल दोरीनं ओढत लहान मुलं घरोघरी जातात, भेट म्हणून बोजारा मिळतो, कुठं कुठं सजावटीची बक्षिसं असतात. बैल सुताराकडून आलेला, साधा, रंग दिलेला. पुढचं सगळं घरी. शिंगांना बेगड, कपाळावर मठाठी, पाठीवर आजीनं जुन्या खणाची शिवलेली झूल, गळ्यात घुंगरांची माळ, नाकात खऱ्या दोऱ्याची वेसण. मोठ्या बैलांच्या अंगावर काल जे जे चढलं होतं, ते ते आज याच्या अंगावर त्याच्या मापानं चढलं पाहिजे, हा हट्ट. झूल जरा लांब झाली तर ती चाकात अडकायची, घुंगरू मोठं झालं तर बैल बैल वाटायचा नाही. आज मॉडेल करणारी माणसं ज्याला प्रमाण म्हणतात, ते वऱ्हाडातल्या पोरासोरांना तान्ह्या पोळ्यानं शिकवलं.

त्याहून साधी शाळा शेतात होती. ज्वारीची कापणी झाली की धांड्यांचा ढीग पडायचा. धांड्याची साल सोलून काढायची, आतला पांढरा मऊ गाभा वेगळा करायचा, आणि बाभळीच्या काट्यांनी एकाला एक जोडत बंडी करायची. सालीच्या चिवट पट्ट्या वाकवून चाकाची धाव, गाभ्याचा तुंबा, मध्ये काडीचे आरे. जू, शिवळा, जोतं, चाक निसटू नये म्हणून आखाच्या टोकाला कुणी. यातलं एकही नाव आम्हाला पुस्तकातून मिळालं नाही. हंगामात कापसानं भरलेल्या बंड्यांच्या रांगा अकोल्याच्या बाजाराकडं जायच्या, त्या पाहून ते सगळं कळलं होतं. माल वाहायची बंडी, माणसं न्यायची हलकी रेंगी, वरून झाकलेली दमणी. तिघींचा सांगाडा वेगळा आणि धांड्याच्या गाडीतही तो वेगळाच दिसला पाहिजे, असा आमचा कटाक्ष असे.

लहान गाडीवरच्या बारकाव्यांची ही ओढ जगभर होती. लिव्हरपूलच्या मेकानो कंपनीनं १९३० च्या दशकात डिंकी गाड्या काढल्या, त्या खेळण्यातल्या आगगाडीच्या शेजारी शोभाव्यात म्हणून. त्या आगगाडीचं प्रमाण एका फुटाला ७ मिलिमीटर, म्हणजे साधारण १:४३. तेच प्रमाण आजही संग्राहकांच्या गाड्यांच्या मुख्य प्रमाणांपैकी एक आहे. डिंकीच्या खिडक्या मोकळ्या असत. १९५६ साली कॉर्गी बाजारात आली ती खिडक्यांना पारदर्शक काच लावून, आणि जाहिरातही त्याच काचेची केली. पुढं दिव्यांत चमकते खडे आले, बॉनेट उघडू लागलं, चाकांखाली स्प्रिंग आली. एकेका बारक्या भागावर कंपन्यांची चढाओढ चालली होती. १९६० च्या दशकाच्या अखेरीस डिंकीचे जुने साचे कलकत्त्याला आले आणि 'निकी' या नावानं त्या गाड्या आपल्या देशात तयार होऊ लागल्या. पुढं ब्लो प्लास्टच्या लिओ आणि मॅटेलच्या हॉट व्हील्स एकत्र मिळू लागल्या, दिल्लीच्या सेंटीनं मागं ओढून सोडायच्या ॲम्बेसेडर, जीप आणि ट्रक काढले. अकोल्याच्या मुलाच्या हाती पहिल्यांदा आपल्या रस्त्यावरची गाडी आली ती या सेंटीमुळं. तिच्यावर काम करायला आम्ही अक्षरशः तुटून पडलो, कारण तुलनेला खरी गाडी दाराशीच होती.

पण ज्या गाडीवर सगळ्यांचा सर्वांत जास्त जीव होता, ती दुकानात मिळतच नसे. ती एसटी. १ जून १९४८ रोजी पुणे-नगर मार्गावर पहिली बस धावली. विदर्भात पूर्वी प्रांतिक परिवहन सेवेच्या गाड्या होत्या, त्या १९६१ मध्ये राज्याच्या महामंडळात आल्या. आम्हाला समजू लागलं तेव्हा लाल रंग आणि मधला पिवळा पट्टा डोळ्यांत पक्का बसला होता. लग्नपत्रिकांच्या जाड कागदाची बस करायची आणि मग एकेक बारकावा जोडायचा. मागची लोखंडी शिडी, टपावरचं कॅरिअर, ड्रायव्हरच्या बाजूचं वेगळं दार, कंडक्टरची घंटीची दोरी, समोरची मार्गाची पाटी. पाटीवर 'अकोला-अकोट' लिहायचं की 'अकोला-तेल्हारा', यावर भांडणं व्हायची. नंबर लिहिताना आणखी एक गोष्ट लक्षात आली. १९८९ नंतर एमएचचे नंबर सुरू झाले, अकोल्याला एमएच-३० मिळाला, पण आमच्या स्थानकावरच्या लाल बसवर तो नंबर दिसायचा नाही. बस बांधली जायची नागपूरजवळच्या हिंगण्याच्या कार्यशाळेत, म्हणून एमएच-३१ आणि पुढं एमएच-४०. चिकलठाण्याची असेल तर एमएच-२०, दापोडीची असेल तर एमएच-१२ किंवा एमएच-१४. नंबरप्लेटवरून बसचं माहेर कळायचं. हे ज्याला ठाऊक त्याच्या कागदी बसला गल्लीत मान होता.

अक्षरांच्या बाबतीत आमचा खरा आधार पेंटर होते. ट्रकच्या मागं फुलं, मोर आणि गावाचं नाव काढणाऱ्या त्या माणसांचा हात पाहण्यासारखा असे. काम संपल्यावर ब्रशच्या टोकाला उरलेल्या पांढऱ्या रंगानं ते आमच्या गाडीवर इवलासा नंबर काढून देत. तेव्हा खासगी गाडीची पाटी काळी आणि अक्षरं पांढरी, भाड्याच्या गाडीची पाटी पांढरी आणि अक्षरं काळी. ते आधी विचारत, "घरची हाय का भाड्याची?" खेळण्यातल्या गाडीबद्दल असा प्रश्न विचारणारा माणूस त्या गाडीला खरी मानत होता. त्या प्रश्नानं आम्हाला केवढा आनंद व्हायचा!

आता आजची गोष्ट. जुन्या शहरातल्या त्याच गल्ल्यांमध्ये आज असं काम करणारी मुलं-मुली आहेत आणि मोठी माणसंही. त्यांच्या टेबलावरचं सामान पाहिलं की मन भरून येतं. रबरी टायर आणि खऱ्यासारख्या रिम्सचे संच १:६४ च्या गाड्यांसाठी तयार मिळतात. पातळ पितळी पत्र्यावर रसायनानं कोरलेले वायपर, जाळ्या, दारांच्या कड्या मिळतात. पत्र्याची जाडी मिलिमीटरच्या दहाव्या-पाचव्या हिस्स्याएवढी. पाण्यात भिजवून सरकवायची अक्षरं आणि चिन्हं, आरशासारखा चमकणारा क्रोमचा पेन, अतिनील प्रकाशात कडक होणारं पारदर्शक रेझिन. त्याचा एक थेंब दिव्याच्या खोबणीत सोडला की गोळ्यांच्या पट्टीतला फुगा शोधायला नको. मिलिमीटरभर लांबीचे एलईडी मिळतात आणि ते खरोखर पेटतात. घरात रेझिनचा थ्रीडी प्रिंटर असेल, तर मिलिमीटरच्या विसाव्या हिस्स्याएवढ्या थरांनी हवा तो भाग उभा राहतो. कुरिअर अकोल्यात काही दिवसांत सगळं आणून देतो.

कामाची रीतही बदलली. आम्ही गाडीच्या अंगावर भाग चिकटवत होतो. आताची मंडळी गाडी उलटी करून तळाचे रिव्हेट बारीक ड्रिलनं काढतात, बॉडी आणि तळ वेगळे करतात, रंग उतरवतात, साच्यातच उठवलेले आरसे आणि वायपर पातळ पात्यानं खरवडून टाकतात आणि मग नवे भाग बसवतात. यामागं साधं गणित आहे. १:४३ च्या गाडीवर वायपरची रेघ एक मिलिमीटर जाड असेल, तर खऱ्या गाडीवर तो वायपर ४३ मिलिमीटर जाड, चांगला उसाच्या कांडाएवढा होईल. आमच्या वेळी गाडी कितीही सजवली तरी खेळण्यातलीच दिसायची, त्याचं कारण हेच होतं. भाग हजर होते, पण जाड होते. पातळपणा आला आणि लहान गाडी खरी दिसू लागली. आरसा टिकावा म्हणून तो नुसता चिकटवत नाहीत, हातड्रिलनं अर्ध्या मिलिमीटरचं भोक पाडून त्यात तारेचा पाय रोवतात. एका बाबतीत मात्र जुनं शहाणपण अजून चालतं. झटपट चिकटणारा गोंद पारदर्शक प्लास्टिकजवळ वापरला तर त्याच्या वाफेनं काचेवर पांढरी बुरशी धरल्यासारखं होतं. म्हणून काच बसवायला जाणकार आजही पांढरा फेव्हिकॉलच घेतात. तो वाळला की पारदर्शक होतो आणि काच स्वच्छ राहते.

सगळ्यांत मोठी मजल नंबरप्लेटची. नियमानुसार मोटारीच्या पाटीचा नेहमीचा आकार ५०० बाय १२० मिलिमीटर, अक्षराची उंची ६५ मिलिमीटर आणि रेघेची जाडी १०. हेच १:४३ च्या मापात आणलं तर पाटी होते साडेअकरा मिलिमीटर लांब आणि पावणेतीन उंच, अक्षर दीड मिलिमीटरचं आणि त्याची रेघ पाव मिलिमीटरहूनही बारीक. आज घरच्या संगणकावर आखून, चांगल्या प्रिंटरवर छापून हे जमतं. या शतकाच्या सुरुवातीला खासगी गाडीची पाटी पांढरी आणि भाड्याची पिवळी झाली. २०१८ पासून विजेच्या गाड्यांना हिरवी आली. एप्रिल २०१९ पासून नव्या गाड्यांना उच्च सुरक्षा पाटी बंधनकारक झाली आणि तिच्यावर २० मिलिमीटरचं अशोकचक्राचं चिन्ह आलं. १:४३ मध्ये ते अर्ध्या मिलिमीटरहून लहान होतं, तरी ते लावणारी मंडळी मी पाहिली आहेत. तीच गोष्ट ट्रकच्या पाठीची. महाराष्ट्राच्या परिवहन आयुक्तांनी २०१५ मध्ये 'हॉर्न ओके प्लीज' लिहायला मनाई केली. म्हणजे त्यानंतरचा, आपल्याकडचा ट्रक करायचा असेल तर ती अक्षरं गाळायला हवीत. ती विचारपूर्वक गाळलेली दिसली, की करणाऱ्याचं पाहणं पक्कं आहे हे कळतं.

तेव्हाचं चांगलं आणि आताचं वाईट असं म्हणायला माझी जीभ धजत नाही. आमचे दिवे टिकल्यांचे होते, कारण दुसरं काही मिळत नव्हतं. पहिल्या पावसाळी हवेत टिकली सुटायची, कणकेची खळ मुंग्या खायच्या, चपलेची चाकं वाकडी फिरायची. आजच्या मुलाला माप, चित्र, रंगाचा नेमका क्रमांक आणि सुटा भाग, सगळं मिळतं. एखाद्याच्या गाडीचा आरसा तुटला तर तो दुसऱ्या दिवशी नवा छापतो. ही श्रीमंती आम्हाला मिळाली असती तर आम्ही ती डोक्यावर घेऊन नाचलो असतो. बहिणीच्या हातात तेव्हा नेलपॉलिश होतं आणि गाडी भावाच्या. आज मुली स्वतः गाडी उघडून बसतात, हा बदल तर फार आधी व्हायला हवा होता.

तरीही एक गोष्ट हातातून जाते आहे. तयार भाग घेतला की खरी गाडी पाहायला जावं लागत नाही. आरसा कुठं असतो हे पाकिटावर छापलेलं असतं. मिस्त्रींकडं जाणं संपलं, पेंटरचा तो प्रश्न संपला. एसटीच्या पाट्यांवरची ब्रशची अक्षरंही कमी होत चालली आहेत. काम नेमकं झालं, पण ते करताना गावाशी जी ओळख व्हायची ती राहिली नाही. गॅरेज, सुतारशाळा, बसस्थानक, शेत ही सगळी आमची वर्कशॉपं होती. तिथल्या माणसांना आम्ही काहीतरी विचारत होतो आणि ती उत्तर देत होती. पोरांना आपल्या कामात रस आहे, हे पाहून त्यांनाही बरं वाटत होतं.

याहून मोठी उणीव बाजारातच आहे. सुटे भाग मिळतात ते जपानी, जर्मन, अमेरिकन गाड्यांचे. आपल्या वऱ्हाडातल्या गाड्यांचे भाग कोण करणार? मागं पायरी, वर कॅरिअर आणि दाटीवाटीनं भरलेली काळी-पिवळी जीप, जिच्यानं खेड्यातली दोन पिढ्यांची माणसं दवाखान्यात, शाळेत आणि लग्नाला पोचली, तिचा संच कुठल्याही दुकानात नाही. जुन्या लाकडी बंडीचा नाही, रेंगीचा नाही, दमणीचा नाही. मीटरगेजवर खांडव्याकडं जाणाऱ्या आपल्या गाडीला वायडीएम-४ डिझेल इंजिन लागायचं. अकोला-अकोट मीटरगेज २०१७ च्या सुरुवातीला बंद झाला आणि २०२२ मध्ये त्या जागी ब्रॉडगेजची गाडी आली. सोय झाली, पण ती जुनी छोटी गाडी गेली. मूर्तिजापूरची शकुंतला तर साऱ्या जगाला ठाऊक. अडीच फुटी रुळांवरच्या त्या गाडीला मँचेस्टरमध्ये १९२१ साली बांधलेलं वाफेचं इंजिन १५ एप्रिल १९९४ पर्यंत ओढत होतं. त्या इंजिनाचा दिवा, डब्याच्या पायऱ्या, खिडक्यांच्या झडपा यांची मापं घेऊन कुणी छोटी शकुंतला केली तर ती बघायला मी पायी मूर्तिजापूरला जाईन.

एसटीच्या बाबतीत मात्र सुरुवात झाली आहे आणि तिचा अभिमान वाटतो. सनबोर्ड, फोमशीट आणि विनाइलच्या पट्ट्या घेऊन राज्यभर तरुण मुलं लाल परीच्या प्रतिकृती करतात. अकरा मीटरची बस १:२४ मध्ये आणली तर ४६ सेंटिमीटरची होते, म्हणजे शिडीचा दांडा, खिडकीची सरकती काच, आतली सीटसुद्धा दाखवता येते. ॲल्युमिनियमची जुनी बॉडी आणि नंतरची पोलादी बॉडी यांतला फरक ही मुलं रिव्हेटच्या ओळींवरून दाखवतात. लाल, एशियाडची हिरवी-पांढरी, शिवशाही, प्रत्येकीचे पट्टे त्यांना तोंडपाठ. कुणी यातली बस दाखवली की आगारातले चालक-वाहक गोळा होतात आणि आपापल्या गाडीची खूण त्यात शोधतात. हे काम पैशासाठी सुरू झालेलं नाही, आवडीतून सुरू झालं आहे, म्हणूनच ते इतकं नीट होतं आहे.

या मंडळींना आणि त्यांच्या मागून येणाऱ्या लहानांना माझं एकच सांगणं आहे. परदेशी गाडीवर तयार भाग लावून हात बसवा, त्यात काही गैर नाही. पण हात बसला की आपल्या गावातली एक गाडी निवडा. अजून उभी आहे तोवर तिच्याजवळ मापपट्टी घेऊन जा. मालकाला किंवा चालकाला आधी विचारा, तो आनंदानं हो म्हणेल. पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मध्यांमधलं अंतर, चाकाचा व्यास, जमिनीपासून टपाची उंची, दारांची रुंदी लिहून घ्या. समोरून, मागून आणि दोन्ही बाजूंनी अगदी सरळ उभं राहून फोटो काढा. फोटोत मापपट्टी दिसू द्या, म्हणजे नंतर कोणतंही माप काढता येईल. दिव्याचा, आरशाचा, जाळीचा जवळून फोटो घ्या. रंग सांगता येत नसेल तर शेजारी कोरा पांढरा कागद धरा. तारीख आणि गाव लिहा. प्रत्येक भागाला तिथले लोक काय म्हणतात तेही लिहा, कारण 'कुणी' आणि 'धाव' हे शब्द बंडीबरोबरच चालले आहेत. मग तो भाग संगणकावर आखा, छापा, आणि आखणी दुसऱ्यांनाही द्या.

ज्यांच्या घरी जुनी बंडी गोठ्यात पडून आहे, त्यांनी ती सरपणाला फोडण्याआधी एखाद्या मुलाला तिची मापं घेऊ द्यावीत. ज्यांनी एसटी चालवली, बांधली किंवा रंगवली, त्यांनी मुलांनी विचारलेल्या प्रश्नाला वेळ द्यावा. तान्ह्या पोळ्याची बक्षिसं देणाऱ्या मंडळांनी एखादं बक्षीस घरी बनवलेल्या बंडीला, रेंगीला किंवा एसटीलाही ठेवावं. यंत्रं आता घरोघरी येतील, भाग स्वस्त होतील. मात्र वऱ्हाडातल्या गाड्यांचे बारकावे आपणच टिपले नाहीत, तर ते दुसरं कुणी टिपणार नाही. मापं आजच घ्यायला हवीत.